बासष्टपैकी बासष्ट

१

सराव संपला तशी सभागृहातली माणसं वरात पोचवून आल्यासारखी सैल झाली. कुणी पिवळे हातमोजे काढून खिशात कोंबत होतं, कुणी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून नुसताच ऊब घेत होतं. अणुवीज केंद्रात वर्षातून एकदा भोंगा वाजतो. कंट्रोल रूममधली पाळी सोडली तर हातातलं काम टाकून सगळे इथे येतात आणि भिंतीवरच्या फळ्याला आपापल्या खिळ्यावर आपापला बिल्ला अडकवतात. फळा भरला की समजायचं, सगळे आले, आत कुणी उरलं नाही. आज तो पावणेसात मिनिटांत भरला होता. बासष्टपैकी बासष्ट.

ही नोंद करणाऱ्या बाई बाहेरच्या. सराव कसा झाला हे मोजून तसा अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. गळ्यात कायम दोन स्टॉपवॉच असत, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना घड्याळबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

दीड वाजता दार उघडून मोठे साहेब आत आले. आले म्हणजे आणले गेले. धुलाईघरातल्या वहिनीने त्यांना दंडाला धरलं होतं. दोन्ही हातांची सालं निघाली होती, घसा बसला होता, आणि ज्या माणसाच्या सदऱ्याला कधी सुरकुती दिसली नाही त्याच्या गुडघ्यांवर तळघराची धूळ होती.

"तीन तास," ते म्हणाले. "पंपघराच्या तळखोलीत. तीन तास बोंबलतोय मी, कुणी आलं नाही."

चहाचे पेले ओठांपाशी थांबले. घड्याळबाईंनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग फळ्याकडे. सगळ्यांत वरच्या खिळ्यावर एक नंबरचा बिल्ला लटकत होता.

साहेबांच्या गळ्यातही एक नंबरचाच बिल्ला लटकत होता.

२

आपल्या खोलीत पाणी पिऊन झाल्यावर साहेबांनी हकीकत सांगितली ती मोजक्या शब्दांत. सव्वादहाच्या जरा आधी त्यांच्या टेबलावर पिवळ्या कागदाची चिठ्ठी आली होती, मूल्यमापनवाले वापरतात तसल्या कागदाची. 'पंपघराच्या तळखोलीत या.' त्यांना वाटलं, सरावाचाच भाग असेल. ते आत गेले, भोंगा झाला, दार मिटलं. आतली मूठ कुणीतरी आधीच काढून नेली होती.

त्यांना कुणी शोधलं नाही, यात नवल नव्हतं. 'प्रमुख जागेवर नाहीत, उपप्रमुखांनी कारभार चालवायचा,' असाच या वर्षीचा सराव बाईंनी आखला होता. साहेबांनी फक्त बिल्ला लावायचा आणि बाजूला बसायचं, एवढंच काम. बिल्ला फळ्यावर दिसत होता, तेव्हा साहेब कुठेतरी बसले असतील असंच सगळे धरून चालले.

"हे कुणी केलं ते उघड आहे," साहेब म्हणाले. "दार उघडणारी तीच, बंद करणारीही तीच. दोन वर्षं डूख धरून होती. पाच वाजता मी पोलिसांना बोलावतोय. आणि बाई, तुमच्या अहवालात हे काही यायला नको. सराव आपल्या जागी, गुन्हा आपल्या जागी."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट बाईंना सांगायची गरज नव्हती. त्याही सरावाला त्याच होत्या. भोंगा वाजला, आणि केबलच्या खोलीत आग विझवायचा गॅस उगीचच सुटला. दार अडकलं. आत वहिनीचा नवरा होता, बिल्ला नंबर एक्केचाळीस. सराव आटोपल्यावर तो सापडला, तेव्हा उठवण्यासारखं काही उरलं नव्हतं. चौकशीत साहेबांनी फळा दाखवला. एक्केचाळीसचा बिल्ला लागलेला होता. म्हणजे माणूस सभागृहात आला होता आणि नियम मोडून परत आत गेला होता. चूक त्याचीच. त्या निकालाला आधार होता मूल्यमापनाच्या तक्त्याचा, आणि तक्त्याखाली घड्याळबाईंची सही होती.

बाईंनी आजचा तक्ता टेबलावर ठेवला. "साहेब, तुमचा बिल्ला भोंग्यानंतर तीन मिनिटं दहा सेकंदांनी लागलाय. बिल्ला लागला म्हणजे माणूस आला, असं तुम्हीच ठरवलं होतं. मग तुम्ही सभागृहात येऊन परत तळखोलीत गेलात का?"

 साहेबांनी सोललेले हात मांडीवरून टेबलाखाली घेतले.

"पाच वाजेपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. "मग हवं त्याला बोलवा."

३

धुलाईघरात वाफ दाटली होती. केंद्रातल्या माणसांचे अंगभर झगे इथे धुतले जात, आणि वहिनी ते एकेक झटकून दोरीवर घालत होती. बिनडोक्याची, बिनहातांची, पांढरी माणसं ओळीने डोलत होती. दोन वर्षांपूर्वी या दोरीवर एक झगा तिच्या घरचाही असायचा. नवरा गेल्यावर त्याच्या जागी तिला ही नोकरी दिली होती, आणि देताना बजावलं होतं की, चूक त्याची असूनही देतोय.

तिने लपवाछपवी केली नाही. सराव संपल्यावर ती रोजच्यासारखी मळके झगे गोळा करायला पंपघरात गेली. खालून ठोकल्याचा आवाज आला. तिने मूठ फिरवली, दार उघडलं. भोंग्यानंतर सभागृहाकडे निघालेल्या आणखी दोघांनी तो आवाज ऐकला होता, तेही तिने सांगितलं. त्यांना वाटलं, कुणीतरी अडकल्याचं सोंग चाललंय. आपण सोंगात पडायचं नसतं.

बाईंनी विचारलं, साहेबांचा राग येत होता का?

वहिनीने ओला झगा पिळला, शेवटचा थेंब पडेपर्यंत पिळला. "बाई, आत कोण आहे ते माहीत असतं ना, तर मी दार उघडलं नसतं."

"असं पोलिसांपुढे बोलू नका."

"का नको? खरं तेच बोलते. माझे सासरे चाळीस वर्षं कारखान्यात मुकादम होते. एक दिवस उशीर नाही, एक नियम मोडला नाही. पोरगा नियम मोडून मेला हे कळल्यापासून त्यांनी त्याचं नाव टाकलंय. दोन वर्षं आमच्या घरात मेलेल्याचं नाव निघत नाही. तो गेला त्याचं मी सोसते. पण त्याला खोटा ठरवून नेला, त्याचं काय करू? मला साहेब मरायला नकोत. मला त्याचं नाव परत पाहिजे."

बाईंनी तक्ता चाळला. अठ्ठावन्न नंबर, वहिनीचा बिल्ला, चार मिनिटं पाच सेकंद. त्यानंतर सराव संपेपर्यंत ती बाईंच्या टेबलाशेजारीच उभी होती. पंपघर तिथून चार मिनिटांवर. भोंग्याच्या वेळी तिथे दार लावून ती चार मिनिटांत इथे पोचली असेल, असं ओढूनताणून म्हणता आलं असतं. पण मग साहेबांचा बिल्ला तिच्याआधीच कुणी लावला?

निघताना बाईंची नजर पुन्हा तक्त्यावर पडली, आणि त्या वाफेतही त्यांच्या अंगावर काटा आला. तीन मिनिटं दहा. तीन बारा. तीन चौदा. तीन सोळा.

४

माणसं अशी येत नाहीत. माणसं घोळक्याने येतात, दारात अडतात, धापा टाकत येतात, एखादा परत वळून बूट बांधतो. दोन-दोन सेकंदांनी येतात ते नळाचे थेंब. बारा बिल्ले असे लागले होते. बाई टेबलाशी बसत. पुढे पाठींची भिंत असे, तिच्या वर फक्त पिवळ्या हातमोज्यातले हात दिसत. त्या खिळा पाहत आणि घड्याळ पाहत. हात कुणाचा हे पाहायची रीतच नव्हती. उलट मागच्या एका अहवालात त्यांनी या सरळ रांगेला 'उत्तम शिस्त' असा शेरा दिला होता.

फळा सांभाळायचं काम उपसाहेबांचं. त्यांना बाईंनी आडवळणाने विचारलंच नाही. तक्ता पुढे केला आणि बोट ठेवलं. तो गोरामोरा झाला, उठून त्याने दार लावलं, आणि खणातून लोखंडी कडी काढली. किल्ल्या अडकवतात तसली. आता ती रिकामी होती.

लांबच्या खोल्यांतल्या अकरा माणसांना सात मिनिटांत पोचणं जमत नाही, म्हणून त्यांचे जादा बिल्ले बनवून घेतले होते. दरवर्षी भोंगा झाला की उपसाहेब ते एकामागून एक लावून टाकत. खरी माणसं मागून येऊन गुपचूप गर्दीत मिसळत. ही मोठ्या साहेबांचीच युक्ती होती. सात मिनिटांच्या वर गेलं की केंद्राचा क्रमांक घसरतो. खण उघडाच असे. कडी कुठे आहे हे अख्ख्या केंद्राला ठाऊक होतं.

"आज अकराच्या जागी बारा लावलेत तुम्ही."

त्याने बिल्ले मोजलेच नव्हते. हाताची सवय, त्याने सांगितलं. खिळा दिसला की बिल्ला जातो. साहेबांचा बिल्ला आपल्याच हाताने लागला हे कळल्यावर त्याने रिकामी कडी पुन्हा बोटांनी चाचपली.

"आणि दोन वर्षांपूर्वी," बाईंनी विचारलं, "एक्केचाळीस या कडीत होता?"

 "होता," तो म्हणाला. "मला पोरंबाळं आहेत, मॅडम."

"त्यालाही घर होतं," बाई म्हणाल्या, आणि तडक पंपघराकडे निघाल्या.

तळखोलीच्या दाराला ते उघडं धरून ठेवणारा चुंबक होता. भोंगा वाजला की खालची सगळी दारं आपोआप मिटतात, आग पसरू नये म्हणून. म्हणजे दार कुणीच लावलं नव्हतं. साहेबांना भोंग्याच्या दोन मिनिटं आधी आत आणून सोडणं एवढंच काम होतं. खोलीत वारा यायला मोठी जाळी होती. गॅसची नळी नव्हती. कोपऱ्यात पाण्याची भरलेली बाटलीही होती, न उघडलेली. ज्याने हे केलं त्याला जीव घ्यायचा नव्हता.

मग बाईंना भिंतीवर ते दिसलं, ज्याचा साहेबांनी अवाक्षरानेही उल्लेख केला नव्हता. फोन. त्यांनी कानाला लावला. फोन चालू होता.

५

पलीकडून आवाज आला, "कंट्रोल रूम."

बाईंनी फोन ठेवला आणि जिना चढून तिकडेच गेल्या. कंट्रोल रूमचा फोन सांभाळणाऱ्या माणसाला सगळे पोपट म्हणत. सरावात त्याला दोनच वाक्यं बोलायची मुभा होती: 'संदेश मिळाला. हा सराव आहे.' सरावात खोटे फोन चहूकडून येतात, आग लागली, पाय मोडला. सगळ्यांना तेच उत्तर. कुणी 'सराव नाही' म्हणालं तर खरं तर सगळं थांबवायचं असतं. पण थांबवलं की गुण जातात, म्हणून काहीही झालं तरी थांबवायचं नाही, असा साहेबांचा तोंडी हुकूम होता.

पोपटाने न मागता आजची नोंदवही पुढे केली. तळखोलीतून अकरा फोन. पहिला दहा सतराला, दुसरा दहा एकोणीसला. प्रत्येकापुढे सुवाच्य अक्षरात एकच नोंद: 'मी अडकलोय. सराव नाही.' आणि दिलेलं उत्तर.

"दोन वर्षांपूर्वीची वही?"

तीही त्याने काढून ठेवलेली होती. त्या तारखेचं पान फाडलेलं होतं. शिवणीपाशी कागदाची कातरलेली कड तेवढी उरली होती.

बाई खुर्चीवर बसल्या. "भोंग्याचं मिनिट मी ठरवते," त्या सावकाश म्हणाल्या. "बंद पाकिटात घालते, आणि ते दहा वाजता एकाच माणसाच्या हातात जातं. साहेबांनासुद्धा माहीत नसतं. दहा बाराला चिठ्ठी पाठवायची तर भोंगा दहा पंधराला आहे हे ठाऊक पाहिजे. मला ठाऊक होतं, आणि तुम्हाला."

"हो."

"सरावाच्या प्रत्येक कागदावर वर आणि खाली 'हा सराव आहे' असं लिहितात. तुमच्या हाताला तर ती सवयच. या चिठ्ठीवर ते नाही."

"नव्हताच तो सराव," पोपट म्हणाला. "खोटं लिहवलं नाही."

मग तो बोलला, आणि बांध फुटल्यासारखा बोलला. दोन वर्षांपूर्वी केबलच्या खोलीतून दोन फोन आले होते. दहा सोळाला आणि दहा विसाला. दोन्ही त्याने घेतले, दोन्हींना हुकमाप्रमाणे उत्तर दिलं, दोन्ही वहीत लिहिले. तिसरा आला नाही. संध्याकाळी साहेबांनी पान फाडलं आणि म्हणाले, कागदावाचून पोपटाच्या बोलण्याला कोण विचारतो. साहेबांना तीन तास का कोंडून ठेवलं, हेही त्याने लपवलं नाही. अकरा वेळा त्यांनी फोन केला. अकरा वेळा त्याने तेच उत्तर दिलं, त्याच सुरात. सहाव्या फोनला साहेब शिव्या देत होते, नवव्याला रडत होते.

"गोड लागलं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? प्रत्येक वेळी गोड लागलं."

"माझ्याकडे का नाही आलात?"

"आलो होतो. तुमच्या कचेरीला दोन पत्रं लिहिली."

बाईंना आठवलं. बिनसहीची पत्रं. बिनसहीच्या पत्राची दखल घ्यायची नाही असा नियम आहे, आणि बाईंनी तो पाळला होता.

"सही करायची छाती झाली नाही," तो म्हणाला. "भित्रा आहे मी. पण पान गेलं तरी वेळा माझ्या डोक्यात होत्या, आणि फळ्याची वेळ एकाच ठिकाणी होती, तुमच्या तक्त्यात. तुम्हाला तो उघडायला लावायचा होता. माणूस आत असताना फळा भरतो, हे तुमच्या डोळ्यांसमोर घडल्याशिवाय तुम्ही तो उघडला नसता."

तुलनेसाठी जुने तक्ते बाईंच्या पिशवीत नेहमीच असत. त्यांनी ते पान काढलं. एक्केचाळीस: तीन मिनिटं चाळीस सेकंद. त्या वर्षी भोंगा दहा चौदाला होता, म्हणजे बिल्ला दहा अठराच्या सुमाराला. केबलच्या खोलीपासून सभागृह सहा मिनिटांवर. दहा सोळाला फोनवर, अठराला सभागृहात, विसाला पुन्हा फोनवर: पंख असते तरी जमलं नसतं. त्याच्या मागे-पुढे दहा बिल्ले, दोन-दोन सेकंदांनी, नळाच्या थेंबांसारखे.

खाली बाईंची सही होती, वळणदार, ठाम.

६

पाच वाजता त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. उपसाहेब आणि पोपट मागून आले. साहेबांचा हात फोनवर होता.

"बोलवा पोलिसांना," बाई म्हणाल्या. "पण तक्रार काय लिहाल? आत कोंडलो होतो, असं लिहिलंत तर फळा खोटा. आज खोटा तर तेव्हाही खोटा. फळा खरा म्हणालात, तर तुम्ही सभागृहात येऊन नियम मोडून परत गेलात, चूक तुमचीच. दोन्हींतलं एक निवडा."

साहेब उपसाहेबांकडे वळले. त्याने रिकामी कडी टेबलावर ठेवली आणि नजर खिडकीकडे नेली.

"तुमचीही सही आहे त्या कागदावर," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी बुडालो तर तुम्ही तरणार नाही, बाई."

"तुमच्याआधी मी बुडाले." बाईंनी अहवाल उलटा करून पुढे सरकवला. पहिल्याच परिच्छेदात त्यांनी आपलं दोन वर्षांपूर्वीचं मूल्यमापन रद्द केलं होतं, कारणासकट, हातमोज्यांपलीकडे मी पाहिलं नाही अशा साध्या शब्दांत. दुसऱ्या परिच्छेदात एक्केचाळीस नंबरचा माणूस होता. तो सभागृहात कधी आलाच नव्हता. त्याने नियम मोडला नव्हता. त्याने दोनदा फोन केला होता. "याची प्रत माझ्या कचेरीला तासापूर्वी गेली. तुम्हाला विचारायला नाही, बघायला आलेय मी. तुमचं तोंड बघायला."

पोपटाने खिशातून कागद काढला. आपण काय केलं ते त्यात लिहिलेलं होतं, चिठ्ठी, मूठ, कडीत घातलेला एक नंबरचा जादा बिल्ला, सगळं. या वेळी खाली सही होती. कागदाची एक प्रत पोलिसांकडे तो स्वतःच नेणार होता. उद्या सकाळी. त्याआधी एक काम उरलं होतं, म्हणाला.

साहेबांचा हात फोनवरून आपसूक खाली आला.  बाईंना वाटलं होतं, या क्षणी मन हलकं होईल. ते झालं नाही. फक्त एक जुनी, थंड मजा वाटली, आणि तिची लाजही वाटली नाही.

७

वहिनी फाटकाबाहेर उभी होती. पोपटाने तिला तिथेच सगळं सांगितलं, उभ्याउभ्या. बाई दहा पावलं मागे थांबल्या. वहिनीने एकदाही मध्ये तोडलं नाही. तो थांबल्यावर तिने एवढंच विचारलं, की शेवटच्या फोनला तो काय म्हणाला होता.

"म्हणाला, 'दादा, सराव नाही रे हा. दार उघडायला सांग कुणाला तरी.'"

"आणि तुम्ही काय म्हणालात, भाऊजी?"

त्याने ते सांगितलं. तेही, तसंच. मग त्याचे हात जोडले जाऊ लागले, तशी ती एक पाऊल मागे सरली.

"हात जोडू नका. मी माफ केलं की तुम्ही मोकळे व्हाल. मला तुम्हाला मोकळं करायचं नाहीये. चला माझ्याबरोबर. सासऱ्यांना सांगायचंय."

घर दोन गल्ल्या पलीकडे, जिन्याखालच्या अंगाला होतं. म्हातारा पलंगाच्या कडेवर ताठ बसला होता, सदऱ्याची सगळी बटणं लावून. वहिनीने पोपटाला बस म्हटलं नाही. दार सताड उघडं ठेवलं.

"त्यांना कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "मोठ्याने बोलावं लागेल."

पोपटाने सांगितलं. म्हाताऱ्याने कानामागे हात नेला. पोपटाने पुन्हा सांगितलं, मोठ्याने: तो बाहेर आलाच नव्हता, त्याने नियम मोडला नव्हता, त्याने मला फोन केला होता, मी दार उघडायला कुणालाच पाठवलं नाही. समोरची खिडकी उघडली. वरच्या जिन्यावर कुणाची तरी पावलं थबकली.

म्हाताऱ्याचा हात कानामागून खाली आला आणि पलंगाच्या लाकडावर घट्ट आवळला.  त्याला ऐकू आलं होतं, शब्द न् शब्द. सुनेने ते पाहिलं, पोपटानेही पाहिलं.

म्हाताऱ्याने डोळे पुसले नाहीत. मुलाचं नाव घेतलं, दोन वर्षांनी, स्पष्ट, आणि म्हणाला, "त्याच्याबद्दल काय म्हणालास? पुन्हा सांग."

पोपटाने पुन्हा सांगितलं.

"ऐकू आलं नाही," म्हातारा म्हणाला. "मोठ्याने."